पूर्वपक्ष आणि पितृपक्ष

चहा घ्या आधी. कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला कुठे व्याख्यानाला बोलवाल, असं वाटत नाही.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. आपल्या जुन्या शास्त्रकारांची एक रीत आहे. आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, तेही त्याच्याहून जोरात. हा पूर्वपक्ष. मग ते खोडून आपला सिद्धांत सांगायचा. मी एका तासाला पूर्वपक्ष घेतो आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाला उत्तर. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

माझे सासरे अकोल्याच्या जुन्या शहरात पौरोहित्य करतात. हल्ली तरुण मंडळी श्राद्धाला टाळाटाळ करतात, त्यांना कुणा शिकलेल्याने समजवावं, अशी त्यांची फार इच्छा. म्हणून पितृपक्षाच्या तोंडावर त्यांनी सगळे यजमान जमवले आणि 'श्राद्ध का करावं?' यावर जावयाचं व्याख्यान ठेवलं. त्या पंधरवड्यावर त्यांचं अर्धं वर्ष निघतं, हे मलाही ठाऊक होतं.

मी उभा राहिलो आणि नास्तिकांची बाजू मांडली. काय मांडली म्हणता! म्हटलं, अकोल्यात वाढलेलं पान अमरावतीच्या जावयाला पोचत नाही, मग परलोकातल्या आजोबांना कसं पोचणार? मंडळी माना डोलवत होती. मीही रंगात आलो. तास होत आला तसं घड्याळ बघितलं आणि सवयीने म्हणालो, "आज इथेच थांबू."

टाळ्या कडाडल्या. शाल-नारळ घेऊन मी खुशीत अमरावतीची गाडी पकडली. सासरे तेवढे टाळ्या वाजवत नव्हते, पण म्हटलं, घरचा माणूस आहे, संकोचला असेल.

घरी पोचलो तर बायको फोन कानाला लावून दारातच उभी. तिकडे यजमान एकामागून एक श्राद्ध रद्द करून राहिले होते. तुमचे जवाईच नाही म्हणतात, मग आम्ही काहून करावं, असं एकाने सासऱ्यांना तोंडावर विचारलं.

"तुमी उत्तर काहून नाई देल्लं?" बायको म्हणाली.

"ते दुसऱ्या तासाला असते," मी म्हणालो. त्यावर ती जे बोलली, ते राहू द्या.

मला मात्र मनापासून लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाच्या पोटावर पाय दिला होता मी! पितृपक्ष बसायच्या आत हातापाया पडून पुन्हा सभा भरवली. या वेळी काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. आत्मा, ऋण, परलोक, अनुमान, शब्दप्रमाण, सगळं सगळं सांगितलं. टाळ्या जरा कमी पडल्या, पण मंडळी विचारात पडलेली दिसली. मला हायसं वाटलं.

सगळे गेल्यावर सासरे सतरंजी गुंडाळत होते. मी दुसरं टोक धरलं आणि विचारलं, "मामाजी, किती जण परत वळले?"

"परत तं कोनीच नाई आलं, जवाईबापू," ते शांतपणे म्हणाले. "चार घरं टिकून होते, तेही आता म्हनून राहिले, समजाले एवढं कठीन असन तं राहूच द्या."