पाचवा फाऊल
शेजारी कुणी गुटख्याची पुडी फोडली, की त्या गोड उग्र वासानं मला उस्मानपुऱ्यातलं बास्केटबॉलचं मैदान आठवतं. अंतिम सामना होता अन् यजमान आम्ही. आमच्या शहरातली माणसं रेषेला खेटून बसली होती आणि बाहेरगावच्या पोरींना घाण घाण शिव्या देत होती. शेवटच्या मिनिटाला माझा धक्का लागून त्यांची कप्तान पडली. फाऊल माझाच होता, म्हणून मी हात वर केला. पण लोक ओरडले, "तिचाच हाय, तिचाच!" पंचांनी गर्दीकडं बघितलं अन् फाऊल तिला दिला. तिचा तो पाचवा, म्हणजे ती बाद. रडत बाहेर निघाली, तर कुणीतरी तिच्या बुटांवर पिंक टाकली आणि सगळे खदाखदा हसले. आम्ही एका गुणानं जिंकलो. नंतर नळावर तोंड धुणाऱ्या पंचांना मी विचारलं, "सर, माझा हात दिसला नाय का तुम्हाला?" "दिसला की. पण मला या लोकांतूनच घरी जायचंय ना? अन् जिंकलात की तुम्ही!" असं म्हणून त्यांनी ओल्या हातानं माझी पाठ थोपटली. मला शिसारी आली. आजही कुणी कौतुकानं त्या विजयाचा विषय काढला, की मी तिथून उठून जाते.