लग्नाचा डुक्कर

"पाय घाल. गुडघ्यापर्यंत. साडी वर धर, लाजतेस काय?"

डुकरांच्या फार्मच्या दारात फिनेलचा टब ठेवलेला. आम्ही गोराईच्या बायका रोज होडीने खाडी ओलांडून बोरिवलीला तिथे घाण काढायला जायचो. आत जायच्या आधी टबात उभं राहायचं, असा फार्मच्या साहेबांचा नियम; ते स्वतः दारात उभे राहून हुकूम सोडायचे. त्या दिवशी साहेबांच्या मिसेस आल्या होत्या, मैत्रिणींना घेऊन. नाकाला रुमाल लावून टबाला वळसा घातला आणि चपलांसकट आत गेल्या.

मी विचारलं, "साहेब, त्यांना नको फिनेल?"

"त्यांच्या घरी डुकरं नाहीत. तुम्ही डुकरांतच झोपता."

आतून त्या पाहुण्या बायका खिदळल्या. माझ्या पायांच्या भेगा चुरचुरत होत्या. मी मान खाली घातली. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आतली डुकरं विलायतेची. पांढरी, बोटीने आलेली. त्यांच्यावरचा आयातकर सरकारने माफ केला होता, म्हणे देशाची प्रगती. माझा बाप वसईहून पिल्लं आणायचा तेव्हा नाक्यावर निमूट जकात भरायचा. त्याला कुणी माफी दिली नाही. पांढऱ्यांचं मांस स्वस्तात बाजारात आलं आणि खाटकांनी आमची काळी डुकरं घेणं बंद केलं. बापाचा धंदा बसला, गावातल्या घराघरांचा बसला. ज्यांनी आमची चूल विझवली त्यांचीच घाण मी काढत होते. पोट होतं ना.

पाहुण्या गेल्यावर साहेबांनी हुकूम काढला. "सोमवारपर्यंत घरची डुकरं मारा. त्यांचा रोग इथे येतो. जिच्या घरी सापडेल, तिचं काम गेलं."

रोगाची भीती खरी असेल. मग ती त्या चपलांना का नव्हती?

आमच्या घरी एकच डुक्कर उरला होता. माझ्या लग्नाचा. आमच्यात मुलीचं लग्न ठरलं की आई एक पिल्लू वेगळं काढून वाढवते. लग्नाच्या आदल्या दिवशी तो कापायचा आणि गावाला सोरपोतेल, म्हणजे त्याच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, घालायचं. माझं लग्न ईस्टरनंतर होतं. तेव्हा ईस्टरआधीचे उपासाचे दिवस चालू होते, गावात कुणी मांसाला शिवत नव्हतं.

आई म्हणाली, "मार त्याला. तुझी मजुरी गेली तर खायचं काय?"

"अगं, उपास आहेत. खाणार कोण?"

"पुरू."

इतकंच. हाताने भरवून वाढवलेलं जनावर, ती पुरायला निघाली. साहेबाला न बघता त्याला घाबरली. तिचा तो पडलेला चेहरा पाहिला आणि माझी भीती मेली.

सोमवारी साहेब टबापाशीच उभे होते. "मारलास?"

"नाही. मारणार पण नाही."

"मग चालती हो."

"होते. पण आधी मिसेसना बोलवा. त्यांना उभं करा ह्या टबात, साडी वर धरून."

ते लालबुंद झाले. मी वळले. आमच्या बायकांतल्या दोघी माझ्यामागे आल्या, बाकीच्यांनी टबात पाय घातले. त्यांच्यावर राग नाही. माझा राग कुणावर आहे ते मला पक्कं ठाऊक आहे.

काम गेलं. पुढे कितीतरी दिवस घरी पेजेवर काढले. तरी सांगते, तो टब पुन्हा माझ्यासमोर आला तर मी लाथेने उलथवीन. आणि माझ्या दारातला डुक्कर कधी कापायचा, ते माझ्याच घरात ठरेल.