सुक्या मांदेलीचं पाणी

जयमाला आमच्या वाशीच्या सोसायटीत समोरच्या दारात राहायची. तिचे यजमान मधुकर कारखान्यातर्फे दीड वर्ष जपानला होते. १९८४च्या मार्चमध्ये परतले, ते मिसोचे चार डबे घेऊन. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा. रोज सकाळी त्यांना त्याचं सूप लागे. एक चमचा घेऊन म्हणत, "नाही. ओसाकाची चव नाही."

मे महिन्यात जयमालाला बेलापूरच्या एका कचेरीतून मराठी टायपिस्टच्या नेमणुकीचं पत्र आलं. दोन जुलैला हजर व्हायचं होतं. मधुकर हसत म्हणाले, "आधी घरची परीक्षा पास हो. सूप जमलं की खुशाल जा."

थट्टाच असेल, पण जयमालाने ती अट मानली.

मधुकरांच्या तिथल्या घरमालकिणीने इंग्रजीत कृती लिहून दिली होती. ती मी वाचून दाखवली. छोट्या सुक्या माशांचं पाणी करायचं, मिसो शेवटी घालायचा, मग उकळायचं नाही. जयमालाने बोंबील घेतले आणि आमटीसारखे खळखळून उकळले. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. सेक्रेटरी दार वाजवून विचारून गेले, "वहिनी, गटार तुंबलंय का?"

शेवटी करावे गावची चांगुणाबाई सुक्या मासळीची पाटी घेऊन आली, तिलाच विचारलं.

"मांदेली घे गो बाय. मुंडकी न् पोट कारून टाक, कडवट त्यातच हाय. रातभर थंड पान्यान ठेव. मासा हाय, चनं नाय शिजवायचं!"

सव्वीस जूनला मधुकरांनी वाटी संपवली, दुसरी मागितली. डोळे मिटून म्हणाले, "हेच."

जयमालाने कपाटातून पत्र काढलं.

"आता कुठे निघालीस? मग हे कोण करणार?"

"तुम्हीच म्हणालात, जमलं की जा."

"ते जमत नव्हतं तेव्हाचं!"

दुपारी ती माझ्याकडे आली. मी म्हणाले, "उद्या खळखळून उकळ. बिघडू दे, मग कशाला अडवतील? अजून पाच दिवस आहेत."

एक जुलैला रविवार होता. ती पत्र घडी करून माझ्याकडे ठेवायला आली.

"बिघडवलंस का?"

"पाचही दिवस प्रयत्न केला, काकू," ती म्हणाली. "उकळी फुटायच्या आत हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो."

ते पत्र अजून माझ्या त्या वर्षीच्या रोजनिशीत आहे.