चार ते पाचचा क्लास

महिन्यापूर्वी मिन्जूचा कोरियाहून मेसेज आला. आई गेली, एवढंच. खाली आईचं नाव होतं... ते मी पहिल्यांदाच वाचलं. नवीन पनवेलला तीन वर्षं शेजारी राहून ती माझ्यासाठी मिन्जूची आई आणि मी तिच्यासाठी सईची आई. त्यांच्याकडेही बाईला मुलांच्याच नावाने हाक मारतात म्हणे.

तिचा नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात मोठा साहेब. मुली एकाच वर्गात. मिन्जू पहिली, माझी सई दुसरी, आणि ते मला पचत नव्हतं. तिकडे कोरियात शाळा सुटली की क्लास, तो सुटला की दुसरा क्लास, असं मी ऐकून होते. त्यामुळे मायलेकी रोज चारला गाडी काढून गायब व्हायच्या, तेव्हा काय ते मी ओळखलं. कुठे जाता विचारलं, तर ती नुसती हसायची. सदा हसणारी माणसं मला मुळातच खरी वाटत नाहीत. सईची दहावी तोंडावर आली होती आणि मला त्या क्लासचा पत्ता हवा होता.

एक दिवस सरळ रिक्षा करून मागे गेले. "ताई, इथं कुठला क्लास नाय, तलाव हाय," रिक्षावाला म्हणाला. काठावर झाडाखाली मिन्जू आईच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती. मला बघून आई दचकली. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "हिच्या बाबांना वाटतं, आम्ही क्लासला जातो. मी शाळेत असताना मला कुणी झोपूच दिलं नाही... सांगू नका हं, सईची आई."

मी मान डोलावली. पण विश्वास ठेवीन तर मी कसली? मला बघून नाटक केलं असेल, असंच मनात आलं. खरंखोटं करायला चार दिवसांनी लिफ्टमध्ये तिच्या नवऱ्याला सहज म्हटलं, "मिन्जू रोज तलावावर दिसते, छान वाटतं." त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून चारला त्यांच्या घरी मास्तर येऊ लागले. मिन्जूची आई मला तशीच हसून भेटायची, डबा पाठवायची. तिला कळलंय का, हे मी ते लोक परत जाईपर्यंत तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिले.

मी सांत्वनाचं लिहिलं, त्यावर मिन्जूचं उत्तर आलं. "आई तुमची फार आठवण काढायची. तलावाचं तुम्ही कुणाजवळ बोलला नाहीत. बाबांना ते तिच्याच तोंडून निसटलं, असं सांगून माझी माफी मागायची."

तिला कळलं होतं तर. खरं काय ते मी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं... मिन्जूला अजून वाटतं, तिच्या आईच्या पोटात काही राहत नव्हतं.