शेवटची पाळी

आमच्याकडे गौरी मोठ्या जावेच्या घरी बसतात, डोंबिवलीत, कोपर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गौरी जेवून झाल्या, पुरुष मंडळी बाहेरच्या खोलीत आडवी झाली की आम्ही तिघी आतल्या खोलीत पाय पसरून बसतो. मी, थोरल्या जाऊबाई आणि नणंद. जाऊबाईंना मी वहिनीच म्हणते. नणंद माझ्या नवऱ्यापेक्षा मोठी, तिला मी ताई म्हणते, कोलशेतला राहते, बोलायला फटकळ. वर्षभरात डॉक्टरांकडे कोण कशासाठी गेलं, याचा आढावा त्या खोलीत होतो. बाकी कुठे हे विषय निघत नाहीत.

त्या वर्षी वहिनी दाराला आतून कडी लावून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, माझी परत आली."

"काय आली?" नणंदेने विचारलं.

"पाळी. दोन वर्षं काही नव्हतं. पंधरवड्यापूर्वी अचानक. गौरीत नको म्हणून गोळ्या घेतल्यात."

नणंद जोरात हसली. "घ्या! वहिनी परत तरुण झाल्या. दादाला सांगितलंत का? पेढे वाटेल तो."

"गप बस गं. तुझं बरंय, तू मोकळी झालीस."

"मग तुम्हीही काढून टाका ना पिशवी. मी काढली आणि सुटले. ती राहून करणार काय आहे आता? कुणाला आणायचंय घरी?"

वहिनीही हसल्या, मीही हसले. मग मी माझं सांगितलं, की मला चार दिवसांऐवजी नऊ दिवस जातं आणि डॉक्टर म्हणतात, या वयात होतंच. नणंदेने पिशवी काढल्यानंतर शिंकतानासुद्धा पाय आवळून धरावे लागतात ते सांगितलं. डॉक्टरीण तिला म्हणाली होती, मग शिंकू नका. त्यावर आम्ही तिघी इतक्या हसलो की बाहेरून थोरल्या दिरांनी विचारलं, काय चाललंय.

गोळ्यांबद्दल इथे सांगायला हवं. आमच्या घरात अडचण असली की देवाला शिवत नाहीत. स्वयंपाकघरात आता चालतं, पण नैवेद्याच्या स्वयंपाकाला चालत नाही. पाळी गेली तेव्हा वहिनींना खरा आनंद झाला होता. सासूबाईंच्या पश्चात सगळं त्यांच्यावरच, आणि दर सणाला तारखा मोजत बसायचं. "आता मी बारा महिने देवाची," असं त्या म्हणायच्या. ती परत आली तेव्हा त्यांना भीती वाटली नाही, राग आला. हातातलं काढून घेतल्यासारखा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आमच्या सगळ्यांच्या माहितीच्या होत्या. केमिस्ट चिठ्ठी मागत नाही. लग्न, मुंज, सत्यनारायण, गौरी, सगळ्याला त्याच.

गोळ्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांत रक्त जातं. कुणालाही जातं. वहिनींनी गौरीत घेतल्या, मग नवरात्रात घेतल्या, मग मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी घेतल्या. त्यामुळे साधारण महिन्याच्या महिन्याला जाऊ लागलं, आणि त्यांची खात्री झाली की पाळी पूर्वीसारखी सुरळीत झाली. फक्त जास्त जातं. जिना चढताना दम लागतो.

दिवाळीनंतर त्या घराजवळच्या डॉक्टरांकडे गेल्या. तरुण मुलगा होता. त्याच्यापुढे त्यांना पाळी हा शब्द उच्चारवेना.

"मला अडचण आहे," त्या म्हणाल्या.

"बोला ना, काय अडचण आहे?"

"तीच. अडचण."

त्याने थोरल्या दिरांकडे पाहिलं. दीर खिडकीबाहेर बघत होते. शेवटी त्याने रक्त तपासायला सांगितलं, हिमोग्लोबिन आठच्या खाली आलं, आणि त्याने लोहाच्या गोळ्या दिल्या. पालक खा, खजूर खा, टेन्शन घेऊ नका. वहिनींनी मला फोनवर सांगितलं, "पालकाने थांबणार असेल तर मी शेत लावते."

मी त्यांना ठाण्याला बोलावलं. मी नौपाड्यात राहते, आणि तिथे दर दोन इमारतींमागे एक बायकांचा दवाखाना आहे. माझ्या ओळखीतल्या सगळ्या ज्यांच्याकडे जातात त्या डॉक्टरीणबाईंकडे मी त्यांना नेलं. तीन तास बसलो. आत सहा मिनिटं होतो. हे मी घड्याळ लावून नाही, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळामुळे सांगते आहे. सगळ्या खुर्च्यांची तोंडं त्याच भिंतीकडे होती.

आत जाण्याआधी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?"

"बारा तारखेला," वहिनी म्हणाल्या. तारखा त्यांना तोंडपाठ असायच्या. देवाच्या कामासाठी ती सवय त्यांनी तीस-पस्तीस वर्षं सांभाळली होती.

आत डॉक्टरीणबाईंनी कागदावर नजर टाकली. "वय चोपन्न. नियमित आहे?"

"हो, आता अगदी नियमित आहे."

"जास्त जातं?"

"हो."

"काहींची उशिरा जाते. वजन थोडं कमी करा. सोनोग्राफी करून घ्या, पिशवीत गाठ वगैरे नाही ना बघू."

तपासण्यासाठी टेबलावर झोपायला सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, आत्ता जातंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग राहू दे, नंतर बघू. वहिनींना हायसं वाटलं. "आता अगदी नियमित" यातल्या "आता"कडे डॉक्टरीणबाईंचं लक्ष गेलं नाही. मी शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले होते. माझंही गेलं नाही. आम्ही दोघी ज्याला पाळी म्हणत होतो त्याला त्यांनी पाळी लिहिलं.

सोनोग्राफीत गाठ नव्हती. पिशवीच्या अस्तराची जाडी अकरा मिलिमीटर होती आणि पुढे लिहिलं होतं, पाळीच्या मानाने योग्य. मी आकडे वाचणारी बाई आहे. रिपोर्टातला प्रत्येक आकडा मी शेजारच्या मर्यादेशी ताडून पाहिला. सगळे मर्यादेत होते. डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, त्याच जातीच्या. वहिनी खूश झाल्या. जे आपण केमिस्टकडून आणत होतो तेच डॉक्टरांनी दिलं, म्हणजे आपलं बरोबरच होतं.

त्या गोळ्या चालू असतानाच मधे-मधे जाऊ लागलं. रंग वेगळा, थोडा वासही. चैत्राच्या हळदीकुंकवाला त्या बसल्या नाहीत. पाठ दुखते असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मग मला फोन आला, "येऊ का गं परत तुझ्याकडे?" त्यांनी स्वतःहून विचारण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या सोनोग्राफीला आम्ही वेगळ्या ठिकाणी गेलो, कारण पहिल्या जागी आठवड्यानंतरची वेळ मिळत होती. तिथे सात-आठ बायका पाणी पिऊन बसल्या होत्या. लघवी तुंबल्याशिवाय चित्र दिसत नाही म्हणतात. डॉक्टर आले नव्हते. प्रत्येकीच्या हातात बाटली, आणि कुणी मांडी घालतेय, कुणी सोडतेय.

"हे एकदा पुरुषांना करायला लावा," एक मुलगी म्हणाली, "डॉक्टर लगेच येईल वेळेवर."

"मी मागच्या वेळी शेवटी जाऊन आले," दुसरी म्हणाली, "तर ही काउंटरवरची बया म्हणते, परत प्या. मी म्हटलं, तुमच्या घरचं पाणी आहे का?"

सगळ्या हसल्या. हसताना त्रास होत होता म्हणून पुन्हा हसल्या. त्यातून एकेकीचं सुरू झालं. एकीला लग्नाआधीपासून दुखतं, तर डॉक्टर म्हणाले, मूल झालं की थांबेल. मूल सात वर्षांचं आहे. एकीला तपासताना दुखलं म्हणून ओरडली, तर नर्स म्हणाली, नवऱ्याजवळ ओरडता का. त्यावर कुणी हसलं नाही.

आमच्या शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या, सुनेबरोबर आलेल्या. सुती साडी, चष्मा, बोलणं पुण्याकडचं. त्यांनी वहिनींना विचारलं, "तुमची आहे अजून, की गेली?"

"गेली होती," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षं अजिबात नव्हती. मागच्या गौरींपासून परत सुरू झाली." हे त्यांनी थोड्या तोऱ्यातच सांगितलं.

त्या बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीची अशीच परत आली होती."

"मग? काय केलं त्यांनी? आता कशा आहेत?"

"नाही ती आता."

वहिनींनी बाटलीचं झाकण लावलं. लागेना, म्हणून काढून पुन्हा लावलं. त्या बाईंनी सुनेकडे पाहिलं, सुनेने जमिनीकडे. "सगळ्यांचं तसंच असतं असं नाही हो," त्या म्हणाल्या. "पण आत गेलात की हे सांगा. दोन वर्षं नव्हती, हे आधी सांगा."

आत वहिनी टेबलावर झोपल्या होत्या, पोटावर तो गार चिकट पदार्थ लावलेला. मशीनवर एक बाई होत्या. त्यांनीही विचारलं, "शेवटची पाळी?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. पाळी दोन वर्षं पूर्ण बंद होती, त्यानंतर सुरू झालंय, आणि मधे गोळ्या घेतल्यात.

मशीनवरच्या बाईंचा हात थांबला. "हे आधी कुठे सांगितलं होतं?"

"कुणी विचारलं नाही," वहिनी छताकडे बघत म्हणाल्या. "शेवटची कधी, असं विचारायचे. मी शेवटची सांगायचे."

अस्तराची जाडी आता एकोणीस होती. मी पर्समधून जुना रिपोर्ट काढून दाखवला. त्यांनी तो वाचला आणि मला अगदी हळू आवाजात समजावलं. पाळी चालू असलेल्या बाईला अकरा चालतात. पाळी गेलेल्या बाईला चारच्या वर गेलं, आणि रक्त जात असलं, की तुकडा काढून तपासावाच लागतो. म्हणजे तेव्हाही आकडा बरोबर होता. तो चुकीच्या मर्यादेशेजारी लिहिला होता.

तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. मग ऑपरेशन झालं. पिशवी काढली, आणि पिशवी काढून भागलं नाही, तो भिंतीतून पलीकडे गेला होता. नणंद दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. "मी म्हटलं होतं ना गं, पेढे वाटा," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मोठ्या हॉस्पिटलात किरणांच्या शेकांसाठी नाव घालताना तिथल्या माणसाने वहिनींना तोच प्रश्न विचारला. वहिनी सावकाश म्हणाल्या, "लेकीच्या डोहाळजेवणाच्या महिन्यात. ती खरी शेवटची. नंतरचं धरू नका." त्याला तारीख हवी होती. लेकीची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती, त्यावरून हिशेब करून मी महिना आणि वर्ष सांगितलं.

शेक झाले, सलाइनमधून औषधं झाली, केस गेले आणि थोडे परत आले. मधलं एक वर्ष बरं गेलं. यंदा पावसाळ्यात खोकला लागला. फोटोत फुप्फुसावर डाग निघाले. डॉक्टरांनी मुदत सांगितली नाही आणि वहिनींनी विचारली नाही. पुढचं औषध गौरी झाल्यावर घेईन, एवढंच म्हणाल्या.

गौरींच्या जेवणाच्या आदल्या संध्याकाळी मी कोपरला गेले. त्या स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डाळ भिजत घातलेली होती. मला वाटेतच आली होती. मी दाराबाहेरूनच सांगितलं, "वहिनी, मला अडचण आहे. ताईंना बोलावते उद्या पुरणाला."

"मागची कधी होती तुझी?"

मी तारीख सांगितली.

"आणि त्याआधीची?"

तीही सांगितली. त्यांनी मनाशी मोजलं. त्याही आधीची विचारली. "मधे खंड नाही ना पडला? नीट आठव."

"नाही पडला."

"मग ठीक आहे. आत ये. उद्या पुरण तूच कर."

मी उंबऱ्याशीच उभी राहिले. ज्यांनी माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या सणाला मला ओट्यापासून हाताला धरून बाजूला केलं होतं, त्याच या. "वहिनी, नैवेद्याचं आहे."

"कळतंय मला. तिच्या हातचं पुरण सैल होतं. आणि तिला सांगू नकोस, ती गावभर करील." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी पाणी धरून उभी राहिले. "गोळ्या नाही ना घेतल्यास?"

"नाही."

"घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मी पुरण केलं. वहिनी खुर्ची ओट्याजवळ ओढून बसल्या होत्या. उलथणं पुरणात उभं राहीपर्यंत आटवायचं असतं. दोनदा मी गॅस बंद करायला गेले आणि दोनदा त्यांनी नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा उलथणं उभं राहिलं. त्यांनी ते स्वतः बोट लावून पाहिलं, पडत नाही ना, आणि मग हात मागे घेतला.