सोळाचे चार केले

मंडळी, आज सिन्नरच्या कारखान्यात, मी सांभाळतो त्या सर्व्हरवर, एक काम जमलं.

डिस्पॅचचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे त्याच सर्व्हरवर इतरांसोबत चालणारा आभासी संगणक, दोन दिवस रेंगाळत होतं. गेटपास निघेनात, भरलेल्या गाड्या आतच अडकलेल्या. डिस्पॅच सांभाळणाऱ्या शिंदेताई म्हणाल्या, "सर, मागच्या आठवड्यासारखे अजून कोअर द्या ना!"

तिथंच माझी ट्यूब पेटली. प्रोसेसरचे सोळा कोअर मीच दिले होते. सगळ्या सीट भरल्याशिवाय जीप निघत नाही, तसं सर्व्हरवर बाकीच्या मशीनची गर्दी वाढली की ते मशीन सोळा कोअर एकदम मोकळे होण्याची वाट बघत बसायचं. चारच ठेवून मशीन पुन्हा सुरू केलं. दहा मिनिटांत पहिली गाडी गेटबाहेर!

"कमी करून पळायला लागलं? जादूच की, सर!"

"जादू कसली ताई, माझीच चूक होती."

रिपोर्टातही तसंच लिहिलं. स्वतःची चूक स्वतःच शोधल्याचा अभिमान वाटावा का? मला तर वाटतोय. तुम्हाला वाटला असता?