शिडीच्या टेकूवरची सही

गोंदियातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी लोखंडाची ताकद तपासायचो. माझा शाळेपासूनचा मित्र वेल्डिंगचं दुकान चालवायचा. शिडी डगमगू नये म्हणून तिच्या पायांना जोडायचा लोखंडी टेकू त्याने बनवला आणि एक नग तपासायला आणून दिला. खरं तर दुकानात जाऊन ढिगातला कुठलाही नग मीच उचलायला हवा होता. पण मित्रावर काय संशय घ्यायचा? मशीनने भरपूर जोर लावला, तरी टेकू वाकला नाही. मी खुशाल मजबुतीच्या दाखल्यावर सही केली. त्या हरामखोराने माझ्या कागदाची झेरॉक्स प्रत्येक टेकूसोबत वाटली.

माझा मोठा भाऊ देवरीत घरं रंगवायचा. एके दिवशी त्याच्या शिडीला लावलेला तसलाच टेकू दुमडला आणि दादा शिडीसकट खाली आला. मी तो टेकू हातात घेतला, तर पत्रा पापडासारखा पातळ! तणतणत दुकानात गेलो. मित्र शांतपणे म्हणाला, "तुले देलेला नग त मजबूतच होता ना?"

दवाखान्यात भावाच्या पायाला प्लास्टर होतं. मी त्याच्यावरच चिडलो, "दादा, असा हलका माल काऊन घेतला?"

"तुई सही होती ना त्याच्यावर," तो म्हणाला.